राक्षसाची भाकरी

मला वाटलं होतं, अमेरिकेत कॉलेजच्या कॉम्प्युटरवर खेळलेला भुयाराचा खेळ कागदी चिठ्ठ्यांवर मांडला की शिरपूरच्या बाया माझ्या वर्गाला धावत येतील आणि चिठ्ठ्या वाचता वाचता साक्षर होतील. पण पहिल्याच दिवशी भुयारातल्या राक्षसाने सुभद्रामावशीला चारदा मारलं.

“मेलं की पुन्ना पयल्यापासून? यात मजा कायची वं?” मावशी म्हणाली.

“मी तर तिकडे शंभरदा मेले, मावशी.”

“मंग तुले मजा आली?”

एकदाही आली नव्हती.

“त्या राक्षसाले कोनं जेवाले इचारलं काय? उपाशी हाय म्हून खेकसून राह्यला बिचारा,” म्हणत मावशी घरी जायला उठली. तिच्यामागे अख्खा वर्ग उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खेळाच्या वहीतला पहिला नियम, ‘मेलं की पुन्हा पहिल्यापासून’, खोडला आणि लिहिलं: भुयारात उतरताना भाकरी सोबत घ्यावी, राक्षसालाही पुरेल एवढी.