सुईत दोरा ओवा म्हणाले

मी दातिवऱ्याची. बापूस होडीवर, आयस टोपली डोक्यावर घेऊन सफाळ्याच्या बाजाराला जायची, आमी चार बहिणी, त्यात मी तिसरी, सातवी शिकलेली, आणि आमच्या आळीत सातवी म्हंजे काय सांगू तुमाला, लोक पत्र वाचायला माझ्याकडं आणायचे. लगीन होऊन बोईसरला आले, नवरा रिक्षा चालवायचा. तेव्हा एमआयडीसीत नव्या नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट, आणि एका कंपनीला बायकाच पायजे होत्या. का, तर बायकांची बोटं बारीक. टेपरेकॉर्डरमधे हेड असतं ना, त्यातली कॉइल गुंडाळायची, तांब्याची तार, केसापेक्षा बारीक, डोळ्याला भिंग लावून. साहेबानं तार धरली, म्हणाला दिसते का, मी म्हटलं दिसते. तेवढ्यावर घेतलं मला.

बारा वर्सं केलं ते काम. बारा नाय, तेरा. बाजूच्या खुर्चीवर विमल, केळव्याची, तिच्या माहेरी पानवेलीची वाडी, ती केळी आणायची नि मी सुकट, असं आमचं जेवण. शेवटी शेवटी दिव्याभोवती मला गोल कडं दिसायला लागलं. सुटी झाली की रस्ता धुरकट. कुणाला बोलले नाय. डोळे गेले म्हटलं की लाइनवरून काढतात, आणि तार तर मला बोटांनी कळायची.

मंग एकदा साहेबानं दोन पोरी आणल्या, मलेशियाच्या. म्हणाला पाहुण्या हायत, काम शिकव यांना. एकीचं नाव लीन, ती महिनाभर माझ्याजवळ बसली. भाषा कुणाला येते? मी तिचं बोट धरून तार फिरवायची, हळू गं, ताणू नको, तुटेल, सगळं आपल्या बोलीत, नि तिला बरोबर कळायचं. हुशार पोर. जायच्या दिवशी माझे दोन्ही हात धरले नि सॉरी म्हणाली. मी विमलला म्हटलं, थँक्यू म्हणायचं असंल, चुकली बिचारी.

चुकली नव्हती ती. पावसाळा सरला नि मशिनी खोक्यांत भरायला लागले. साहेब म्हणाला माल आता मलेशियात बनणार, तिकडं स्वस्त पडतो. आमी गेटवर बसलो, घोषणा दिल्या, युनियनवाला भाषण करून गेला, ट्रक आमच्यासमोरून गेले. आणि शिकवलं कोणी, तर मी. कुणी तोंडावर बोललं नाय मला, पण मलाच माहीत ना.

मंग सरकारचा माणूस आला. ज्यांचं काम परदेशात गेलं त्यांच्यासाठी योजना हाय म्हणाला, शिवणकाम शिकवणार, पास झालात की मशीन घरी. वर्ग पालघरला. विमल नि मी रोज जायचो. कापड बेतायला यायचं, शिलाई सरळ यायची, फक्त सुईत दोरा ओवता येत नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी पाठ फिरवली की विमल पटकन ओवून द्यायची. सहा महिने तिच्या डोळ्यांवर शिकले मी, तुमाला खोटं कशाला सांगू.

परीक्षेला प्रत्येकीला वेगळं टेबल. परीक्षा घेणारा सरकारी साहेब आला, पैलंच म्हणाला, सुईत दोरा ओवा. मी दोरा थुंकीनं ओला केला, ओवायला गेले, तो हवेतच गेला. परत ओवायला गेले, परत तेच. बाकीच्यांच्या मशिनी सुरू झाल्या, माझी गप्प. साहेब वाईट नव्हता. बाजूला बसला, हळूच म्हणाला, ताई, डोळ्याला कधीपासून? आणि मी रडले, इतक्या वर्सांत पैल्यांदा कुणी विचारलं होतं. सांगितलं सगळं. म्हणाला, कामानं डोळे गेले तर त्याची वेगळी मदत हाय, तुमी ते काम करत होता असं कंपनीचं पत्र आणा.

पत्र आणायला गेले. गेटला कुलूप, एक वॉचमन स्टुलावर. अम्मा, अंदर कोई नहीं है, किससे मिलोगी? तीन खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला तोही नव्हता. परत पालघरला गेले तर त्या साहेबाची बदली झालेली. नवा म्हणाला, बाई तुमच्या नावापुढं नापास लिवलंय, नापासाला मशीन नाय. मी म्हटलं, आणि डोळ्याचं? म्हणाला, ते आमच्याकडं नाय येत. मंग कुणाकडं येतं? त्यानं पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

विमलला मशीन मिळालं. पण तिच्याच गल्लीत अजून चौघींना मिळालं, कोण कुणाचे कपडे शिवणार? केळव्याला गेली ती, मशीनवर चादर टाकून ठेवलीय म्हणते. नवऱ्यानं मला डॉक्टरकडं नेलं, डॉक्टर म्हणाला उशीर झाला, आता हाय तेवढं सांभाळा. आता मला माणूस दिसत नाय, रंग दिसतो. भात शिजला का ते वासानं कळतं. चाललंय.

पोरगी गेल्या वर्षी एमआयडीसीतच लागली, औषधाच्या कंपनीत, ठेकेदाराकडं, गोळ्या पाकिटात भरते. शिफ्टची बस नाक्यावर येते, हॉर्न वाजला की मी दारात उभी राहते, बस दूर जाईपर्यंत. देव तिला सुखी ठेवो. घरी आली की विचारते, कसं हाय गं काम? म्हणते, बरं हाय आई, सावलीत असतं, बसून असतं.

मी माझ्या आयसला हेच सांगायची.