झग्याच्या खिशातलं पत्र

...नाही गं, कुणीच विश्वास ठेवला नाही. एकानंही नाही. तू तरी ठेवशील असं थोडंच आहे, पण आलीच आहेस तर बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो — इकडे, टोपलीशेजारी. इस्त्री मात्र मी थांबवणार नाही हं, एवढी तापवलीय. हा झगा कुणाचा, ओळखलास? पाळकसाहेबांचा. रविवारी तुझी पाठवणी ना, समुद्रापलीकडे, माझ्या बुटकीच्याच दवाखान्यात — म्हणून कडक हवाय त्यांना. आणि तुला माझ्याकडे धाडलं आशीर्वादाला. धाडणारच! गेलेल्या नर्सची आई नव्या नर्सच्या डोक्यावर हात ठेवते — सगळं चर्च डोळे पुसतं की नाही बघ.

बुटकी म्हणजे माझी मुलगी. घरात सगळ्यांत ठेंगणी म्हणून बुटकी. तिकडे गेल्यावर तिला खाटेपाशी उभं राहायला लाकडी खोका दिला होता म्हणे — पाळकसाहेबांनी ते वाचलं तेव्हा काय हसले लोक! तुला माहीतच आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचं पत्र मोठ्यानं वाचायचे. सगळ्या मंडळीला मिळून एक पत्र. मिशनच्या थैलीतून यायचं. मला वेगळं लिहायची आधी — मग बंद केलं. का बंद केलं? केलं, झालं. मधेमधे विचारू नकोस, झगा करपेल.

तर सांगत काय होते — हां. त्या पत्रात तिनं एकदा लिहिलं, इथं इतकं ऊन की दाराची कडी हाताला भाजते. आणि आमच्या महिला मंडळानं काय पाठवलं? लोकरीचे स्वेटर! चाळीस! कॅलेंडरवर त्या देशाचा बर्फाचा डोंगर होता ना, मग तिथं थंडीच असणार. दोन मीही विणले, मी काय शहाणी? बिचारीनं उलट आभार मानले — घडी करून पेशंटच्या मानेखाली ठेवते म्हणाली. अशी होती. इथंही अशीच. कोपऱ्यावरच्या चांभाराचा पाय सडला होता, जवळ जायचं तर नाकाला पदर लावावा लागे — ही रोज कामावरून येताना त्याचा पाय धुवायची. वर्षभर. ते कुणी चर्चमध्ये वाचून दाखवलं? नाव नको. पाणी ओलांडलं की ती सेवा, गल्ली ओलांडली की नुसती उठाठेव. आणि मी — मी काय म्हणायचे? ते हात घेऊन स्वयंपाकघरात येऊ नकोस म्हणायचे. हो, मीच. तोंड काय बघतेस?

मग तो सोमवार. झगा धुवायला आला. मी खिसे आधी तपासते — पाळक असो की कसाई, खिशात काही ना काही असतंच. तर आत पत्र. कालच वाचलेलं. म्हटलं, लेकीचं अक्षर आहे, बघू तरी. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून एकेक शब्द वाचते. बादलीतलं पाणी निवलं तरी मी वाचतच होते. आणि खाली तीन ओळी — पेन्सिलीनं कंस केलेल्या. या ओळी काल कुणी ऐकल्याच नव्हत्या! लिहिलं होतं — ताप एकवीस दिवस उतरलेला नाही. इथले डॉक्टर गेले ते परत आले नाहीत. मला घरी बोलवा. बस, एवढंच. 'घरी'खाली रेघ मारलेली.

धावत सुटले. ओल्या हातानं. नवरा म्हणाला, तुला वाचता तरी येतं का धड? मंडळाच्या मुख्य बाई — शाळा चालवतात त्या — म्हणाल्या, अहो ताप म्हणजे कामाचा ताप असेल, तुम्ही भलतंच लावलंत. चर्चचे सेक्रेटरी म्हणाले पत्र दाखवा. आणायला घरी येते तर नवऱ्यानं पाळकसाहेबांना परत देऊन टाकलेलं! दुसऱ्याच्या खिशातलं ठेवू नये म्हणाला. इमानदार मोठा! मग पुढच्या रविवारी मी भर उपासनेत उभी राहिले, पहिल्या बाकावरून. म्हटलं, पाळकसाहेब, कंसातलं वाचा. कंसातलं वाचा! ते खाली बघत राहिले. नवऱ्यानं पदर ओढून बसवलं मला. मागून कुणीतरी म्हणालं, पोरीच्या आठवणीनं डोकं फिरलंय बाईचं. पुढचं पत्र आलं ते तिच्या अक्षरातलं नव्हतं — बुटकी तापानं गेल्याचं होतं. ते मात्र सगळं वाचलं त्यांनी. कंस नाही, काही नाही.

काय? पाळकसाहेब असं का वागले? तुला सांगितलं असेल ना त्यांनी? नाही? बरे आहेत. तसे वाईट नाहीत ते. घाबरट आहेत, पण वाईट नाहीत. त्यांना काय स्वप्न पडलं होतं कंस करायचं? अगं, त्याच्या वर्षभर आधी — आता तुला कशाला सांगतेय मी हे — वर्षभर आधी एक पत्र आलं होतं. त्यातही होतं, मन लागत नाही, परत येऊ का. तेव्हा बिचारे ते स्वतः इथं आले, तू बसलीस तिथंच बसले. म्हणाले, हे तुमच्या मुलीचं मन आहे, चारचौघांत वाचू की नको, तुम्ही सांगा. इतकं विचारलं माणसानं. आणि मला पहिला बाक दिसत होता. त्याआधी मी कुठं बसायचे माहीत आहे? शेवटच्या बाकावर, चपलांपाशी. कपडे धुणारी बाई. बुटकी गेली आणि मी पुढं आले, मुख्य बाई सरकून जागा द्यायला लागल्या. ती परत आली असती तर? मी म्हटलं, गाळा ती ओळ. रमेल हळूहळू. पुन्हा असं काही आलं तर मला विचारायलाही येऊ नका, गाळत जा. आणि तिला वेगळं लिहिलं — नांगराला हात घातलाय, आता मागं बघायचं नाही. बायबलातलंच आहे, माझ्या मनचं नाही. त्यानंतर तिनं मला लिहिलं नाही.

तुझी आईही आहे ना? आता कुठं बसवणार तिला — पहिल्या बाकावर? खूश आहे? असणारच.

नको. वाकू नकोस. माझा हात नको डोक्यावर. जाऊ नको म्हटलं तर थांबणार आहेस? नाहीस. नाव नोंदवलंय, तिकीट आलंय, झगासुद्धा मीच इस्त्री करून देतेय. ऊठ. धर हा, घडी मोडू नकोस, खिसे तपासलेत मी, रिकामे आहेत. आणि घरी जाऊन आईला सांग — पहिल्यांदा ओळ गाळायला कुणी सांगितलं ते. पाळकानं नाही, सेक्रेटरीनं नाही. बुटकीची आई.