मधे येणारी फांदी

तिकडे नको साहेब, वर काय नाय आता — इकडे या, डोहाजवळ. चतुर बघा किती, लाल, निळे — ती पाण्याला शेपूट टेकवतेय ना, मादी आहे, अंडी घालतेय. रिक्षावाल्याला कसं माहीत? पोरीने शिकवलं. माझी प्राची, सातवीत आहे. गेल्या मे महिन्यात रोज यायची माझ्यासोबत. तुमच्यासारखे पक्षी बघणारे दरीत सोडले की आम्ही दोघं ह्याच कातळावर बसायचो, ती वहीत लिहायची — नवरंग कधी आला, खंड्या कुठे बसला. आता नाय येत. म्हणजे येते, पण — उन्हात का उभे, सावलीत या ना.

घरटं? कोणी सांगितलं तुम्हाला? गेल्या वर्षीचं ते. तो पांढरा, लांब शेपटीचा, स्वर्गीय नर्तक — त्याचं. प्राचीलाच दिसलं होतं. बोलली, पप्पा, कोणाला सांगू नका. नाय सांगणार बोललो. आणि चौथ्या दिवशी बदलापूर स्टेशनवरून कॅमेरावाली पार्टी बसली. सकाळपासून काय मिळालं नव्हतं त्यांना, तोंडं उतरलेली. कैलासभाऊ, तुम्ही इथले, तुम्हालाच माहीत असणार — असं बोलले. आपल्याला कोण विचारतं असं? एमआयडीसीच्या शिफ्टवाले मागून 'चलो' बोलतात, तेवढंच. दाखवलं मी. फोटो नीट येईना, फांदी मधे येत होती. तोडली त्यांनी — नाय, मीच तोडली. वाडीतल्या कौसाबाईकडून कोयता मागून आणला. दोनच फांद्या, बारीक.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप-लेक आलो तर ऊन थेट घरट्यात. मादी पंख पसरून, चोच वासून पिल्लांवर बसलेली, हलतच नव्हती. मी तुटकी फांदी सुतळीने बांधायला वर चढलो — कशाला चढलो? — तर ती उडाली, आणि कावळा टपलेलाच होता. प्राची खाली उभी. रडली नाय. विचारलं, फांदी कोणी तोडली? बोललो, कौसाबाईने तोडली असेल, सरपण नेते ती. पोरगी सरळ वाडीत गेली विचारायला. मी इथेच बसून राहिलो. परत आली ती रिक्षात मागे बसली. त्याआधी कधी मागे बसली नव्हती, शिरगावला घरी जाताना पुढे माझ्या बाजूलाच बसायची.

यंदा जोडी लांब बसलीय, तिकडे कोणाची नजर — नाय, काय नाय बोललो मी. कुठे ते मला माहीत नाय. शप्पथ, नाय माहीत. कौसाबाईला सोबत घेऊन सकाळपासून बसते प्राची तिथे. संध्याकाळी मी खाली रस्त्यावर थांबतो, हॉर्नपण नाय मारत. येते ती. रोज वेगळ्या वाटेने उतरते, मला कळू नये म्हणून.

कॅमेरा बॅगेत घाला साहेब. बसा, स्टेशनला सोडतो.