आज मेलं वेळेआधी

विमानानं जग जवळ आलंय, हे आमच्या कोथरूडच्या शेजारच्या काकूंना तेवढं सांगू नका. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कहून निघाला, की त्या मोबाइलवरच्या नकाशात त्याचं विमान बघत बसायच्या. मुंबईपर्यंत पंधरा तास. जरा उशीर झाला, की म्हणायच्या, "पायी निघाला असता, तर एव्हाना पोचला असता."

यंदा काका अत्यवस्थ झाले म्हणून तो तातडीनं निघाला. विमान अजून समुद्रावरच होतं आणि इकडे काका गेले.

मी म्हटलं, "काकू, विमानात नेट असतं. कळवू का त्याला?"

"अजिबात नको. उतरेपर्यंत तरी त्याला बाप आहे."

मग त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"दरवेळी रखडतं मेलं, आणि आज बरं वेळेआधी येतंय!"