चवीपुरतं लुपिन

नणंद : थू थू थू! पाणी! वहिनी, आधी पाणी द्या, ‘कसं लागलं’ ते मग विचारा!

वहिनी : अहो वन्सं, एक दाणा तर खाल्लात. केवढं ते नाटक!

नणंद : एकच होता म्हणून नाटक करायला शिल्लक राहिले. आहे तरी काय हे?

वहिनी : लुपिन. फाटकापाशी ते निळे तुरे बघून ‘काय सुंदर फुलं’ म्हणालात ना तुम्ही? त्यांच्याच शेंगांतले दाणे.

नणंद : सुंदर म्हणाले, वाढा नाही म्हणाले. लोक फुलझाडं बघायला लावतात. तुम्ही एकट्याच, बाग शिजवायला घेतलीत. उद्या उशांचे अभ्रे तळाल.

वहिनी : सगळी लुपिन नाहीच खात कोणी. ही जात खाण्याची आहे. बियांच्या पाकिटावर छापलंय तसं.

नणंद : झाडाला कळवलंत का ते?

वहिनी : कडू तर असतातच. भिजवायचे, चांगले शिजवायचे, मग पाणी बदलत बसायचं. कडूपणा साफ जाईपर्यंत तोंडात घालायचे नाहीत. बाधतात. गरगरतं, तोंडाला कोरड पडते.

नणंद : आणि हे तुम्ही मला दाणा चावल्यावर सांगताय! धन्य आहात. पाहुणचार असावा तर असा.

वहिनी : एकाने काही होत नाही हो. आणि कडूपणा गेलाय म्हणूनच दिला. ह्यांनीच सांगितलं, झाले म्हणून. मी पाणी बदलायचंही थांबवलं.

नणंद : दादाने सांगितलं? चाखून?

वहिनी : मग! घरात हॉटेलचा मुख्य आचारी असताना मी कशाला जीभ पुढे करू? पहिल्याच दिवशी एक चाखला, टाळू सोलून निघाली, तेव्हापासून हात जोडले. चव बघायचं खातं त्यांच्याकडे.

नणंद : खात्याने झोप काढलीय. तुम्ही खाऊन बघा एक.

वहिनी : द्या इकडे. तुमचं आपलं काहीतरीच... ई! थू! अगंबाई, हे तर जहर आहे!

नणंद : हळू. माझं नाटक मोठं होतं ना?

वहिनी : पण ते म्हणाले, लोण्यासारखे झालेत! अहो, आज डबा भरून नेणार आहेत हॉटेलात. मालक नवीन पदार्थ चाखणार, मग रात्री पाहुण्यांना वाढणार.

नणंद : मस्करी केली असेल तुमची.

वहिनी : खाण्याच्या बाबतीत? ते?

नणंद : तेही खरंच. माझी भाजी ताटासकट परत पाठवायचा हा. ‘मीठ कुठलं आणि साखर कुठली, हे बरणीवर लिहून ठेव’ म्हणायचा. तुम्हाला काय कमी बोललाय?

वहिनी : कमी? मी केलेल्या सूपला भांडी विसळलेलं पाणी म्हणाले होते, तेही माझ्या बहिणीसमोर. पण हल्ली नाही हो नावं ठेवत. उलट रोज म्हणतात, छान झालंय.

नणंद : रोज?

वहिनी : रोज. तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून. मला वाटलं, आजारपणाने माणूस निवळला. नाहीतर इतक्या वर्षांनी माझ्याच हाताला चव आली.

नणंद : वहिनी...

वहिनी : परवा भाजी करपली होती. वासाने मला सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. तरी म्हणाले, छान झालीय.

नणंद : तुम्ही खाली बसा बघू आधी.

वहिनी : नको. त्यांना हाक मारा. आणि तुम्ही काही बोलू नका. एकदा तरी.

नणंद : दादा! ए दादा! बाहेर ये जरा, तुझ्या जिभेचं काम पडलंय!

दादा : आलो, आलो. तू कधी उगवलीस? अगं, डबा भरलास का? मला निघायला हवं, मालक वाट बघत असेल.

वहिनी : भरते. त्याआधी ह्या वाटीतला एक चाखा. दुसरा घाणा आहे. फक्त एकच हं.

दादा : दे. हं... थांब, घाई नको. वा! आधी लोणी. मग जरा बदामाकडे झुकतो. आणि शेवटी, अगदी शेवटी, मिठाची एक बारीक रेघ. हे बघ, असला दाणा चावायचा नसतो, ऐकायचा असतो.

नणंद : काय म्हणतोय तो?

दादा : तुला नाही कळायचं. तुझी जीभ फक्त बोलायला दिलीय.

वहिनी : थुंका.

दादा : आँ?

वहिनी : आधी थुंका ते. सकाळी शिजवलेत. अजून एकदाही पाणी बदललेलं नाही. मीठ तर मी ह्यात टाकलेलंच नाही.

(दादा रुमालात दाणा थुंकतो.)

नणंद : बोल की. आता कुठे झुकतोय?

वहिनी : वन्सं, पुरे. कधीपासून, अहो?

दादा : ताप गेला. सर्दी गेली. त्यांच्याबरोबर हेही गेलं. वाटलं, येईल चार दिवसांत.

वहिनी : डॉक्टरांना दाखवलंत?

दादा : काय सांगू? आचारी आहे आणि गरम-गार सोडून काही कळत नाही? डॉक्टर आमच्याकडेच जेवायला येतो.

नणंद : अरे, मग हॉटेलात करतोस काय? मंत्र टाकतोस?

दादा : हाताला माहीत असतं. मीठ किती ते मूठ सांगते. कांदा रंगावर कळतो, तेल आवाजावर. आजवर एक ताट परत आलेलं नाही.

नणंद : आज हा डबा गेला असता तर ताटं नसतीच परत आली. पोटं धरून माणसं आली असती.

दादा : जुने पदार्थ जमतात गं. हा नवीन होता. हाताला माहीत नव्हता.

वहिनी : मग हो कशाला म्हणालात मला?

दादा : तू दाणा घेऊन समोर उभी. तोंड एवढंसं करून विचारत होतीस, गेला का कडूपणा? वर्षभर त्या झाडांच्या मागे होतीस. तुला बरं वाटेल ते बोललो.

वहिनी : आणि माझ्या स्वयंपाकाला?

दादा : काय?

वहिनी : रोज छान म्हणायचात, ते?

दादा : नावं ठेवायला चव लागते गं. छान म्हणायला काही लागत नाही.

वहिनी : वा. मी मात्र खूश होते. वेडी कुठली. भाजी चिरताना गाणं म्हणायचे. तुम्ही सूपला विसळलेलं पाणी म्हणालात, तेव्हासुद्धा एवढं नव्हतं लागलं मला.

दादा : मला भीती वाटत होती. ऐकतेस का? आचाऱ्याची जीभ गेली म्हणजे उरलं काय? पातेली उचलायला हमाल पुरे.

नणंद : मग वहिनींना टोपी घालून तुझ्या शेजारी उभं करू? तू ढवळ, त्या चाखतील.

दादा : कर चेष्टा. तुझं काय जातंय?

नणंद : काही नाही. भाऊ तेवढा जातोय, खोटं बोलून बोलून. उद्या सकाळी कानानाकाच्या डॉक्टरकडे चल. मी येते. तुमच्याकडे न जेवणारा शोधते एखादा.

वहिनी : ते उद्याचं झालं. मालक आत्ता वाट बघतोय.

दादा : सांगतो, दाणे नासले म्हणून.

वहिनी : माझे दाणे नाही नासले.

दादा : अगं, एवढी एक थाप...

वहिनी : ह्या दाण्यांत चूक दिसत नाही की वास येत नाही. जिभेलाच कळते. तुमच्या हाताखालून शंभर माणसं जेवतात. आज लुपिन होतं, उद्या नासकं दूध असेल. ते कळेल तुमच्या मुठीला?

दादा : काढून टाकेल तो मला.

वहिनी : टाकेल कदाचित. लावा फोन.

दादा : हॅलो... हो, मीच. नाही, तो पदार्थ आज नाही व्हायचा... नाही, सामान आहे... अहो, तब्येतही बरी आहे... मालक, जरा ऐकता का? मला चव कळत नाही. कसलीच. ताप आला होता तेव्हापासून... हो. तेव्हापासूनच... बरं... बरं.

नणंद : काय म्हणाला?

दादा : आज येऊ नका म्हणाला. उद्या दुपारी येऊन भेटा म्हणाला.

नणंद : रागावला होता?

दादा : नाही. ‘अहो-जाहो’ करत होता.

नणंद : मग मोठं संकट आहे.

वहिनी : वन्सं, ताटं घ्या तीन. अहो, तुम्हीही बसा. ह्या वेळी घरी असता कधी?

दादा : मला भूक नाही.

वहिनी : भुकेला जीभ लागत नाही. बसा.

दादा : कशी झालीय भाजी?

वहिनी : तेल जास्त पडलंय. मीठ कमी आहे. बटाटा एका बाजूने कच्चा राहिलाय. जेवा.