रुमालाखालचा हात

भाव सरकारनं ठरवावा का बाजारानं, यावर तुम्ही मघापासून भांडताय. मी शाळा शिकलो नाही, पण माझा निकाल एका दुपारीच लागला.

धुळ्याकडच्या गुरांच्या बाजारात मी बैल नेला होता. घरावर पत्रे टाकायचे होते, चाळीस हजार तरी हवेच होते. तेव्हा कमिटीचा नवा नियम आलेला: कारकून बैलाचे दात बघणार आणि भोंग्यावर भाव सांगणार. तो म्हणाला, "तीस."

रफिक दलाल कानाशी आला. "नाना, तुमना बैल सोनं शे. त्याले काय समजस? रुमालखाले बोला."

आमची जुनी रीतच ती. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, एक बोट म्हणजे दहा हजार; तिसऱ्याला कळत नाही. मी हातावर रुमाल टाकला आणि चेहरा दिसू नये म्हणून बैलाकडं बघत राहिलो. लगेच आतून माझी पाचही बोटं धरली गेली. पन्नास! हात विहिरीतल्या दगडासारखा गार होता. पण पन्नास मिळत असताना गारठा कोण बघतो?

"दिला," मी म्हणालो.

"काय दिला, नाना?" रफिक म्हणाला. "मी तं आजून हात घालेलच नही."

मी वळून पाहिलं. तो दोन्ही हातांनी तंबाखू मळत होता. आणि रुमालाखाली माझ्या बोटांवरची पकड घट्ट होत चालली होती.

हात हिसकून मी थेट कारकुनाच्या टेबलाकडं पळालो. "साहेब, तुमचे तीस कबूल! फक्त भाव मोठ्यानं बोला, आणि हात मिळवू नका."