रावण गावाबाहेर असताना

काय सांगू तुम्हाला, मी मूळची भिंगारची, वडील लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर, त्यामुळे वस्तू बाहेर गेली की ती परत कधी येणार हे आधी विचारायचं, ही सवय घरातूनच लागलेली. तीच सवय अकोले तालुक्यातल्या डोंगरात नडली.

कामाचं म्हणाल तर मी प्रदर्शनं उभी करते. घोंगडी विणणारे, कुंभार, मुखवटे करणारे यांच्याकडे जायचं, वस्तू मागून आणायच्या, शहरात मांडायच्या, करणाऱ्याचं नाव भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायचं आणि वस्तू जशीच्या तशी परत पोचवायची, खरं काम त्या परत पोचवण्यात आहे हो.

यंदा मुंबईच्या एका कलादालनासाठी त्या डोंगरातल्या सोमाबाबांकडून रावणाचा मुखवटा आणला. बोहाडा म्हणजे त्यांच्या गावचा देवा-राक्षसांच्या सोंगांचा उत्सव, आणि तिथं एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे असतो, रावण बाबांच्या घरचा. दालनाला करारात परतीची तारीख हवी, म्हणून मी विचारलं, बाबा, बोहाडा कधी? ते म्हणाले, गाव बसंल तवा ठरंल. अंदाजे तरी सांगा म्हटलं, तर म्हणाले, ताई, गावाचा अंदाज म्या एकट्यानं कसा सांगू? मग मी आपली अक्षय्य तृतीया धरून करारात तारीख घातली, आणि गाव बसलं ते त्याच्या आठवडाभर आधीचा दिवस ठरवून उठलं.

बाबांची सून ठमाबाई, तिचा फोन आला. म्हणाली, रावण आला न्हाई तर मान दुसऱ्या घराला द्यायचा, असं बैठकीत बोलणं झालंय. मी लगेच दालनाला फोन लावला. दालनाचे लोक म्हणतात, मॅडम, प्रदर्शन चालू आहे, गावाला तसाच दुसरा करून घ्यायला सांगा ना. आता तसाच म्हणजे कसा, हे मी त्यांना काय समजावू. आणि इकडून ठमाबाई रोज विचारतेय, ताई, रावण निघाला का? मी म्हणायची, निघतोय. एक दिवस ती म्हणाली, चालत येतोय व्हय त्यो?

शेवटी गाडी केली, मुंबईला जाऊन स्वतः उभी राहून मुखवटा भिंतीवरून उतरवला आणि मांडीवर घेऊन आले, घाटात प्रत्येक वळणाला हात त्याच्या नाकावर.

बोहाड्याच्या आदल्या दुपारी पोचले. बाबांनी मुखवटा सगळीकडून पाहिला, कुठं टवका नाही, रंग गेलेला नाही. देवापुढं ठेवला, मला चहा द्यायला लावला. बैठकीत काय ऐकून घेतलं ते त्यांनी काढलंच नाही. मी निघताना मात्र गाडीपर्यंत आले आणि हळू म्हणाले, ताई, पुढच्या साली मागू नका. तुमी मागितलं तर मला न्हाई म्हणवत न्हाई.

आता दालनाचं पुढच्या वर्षीचं बोलणं सुरू झालंय, आणि त्यांना रावणच हवाय. मी अजून काही कळवलेलं नाही, नाही म्हटलं तर बाकीच्या कारागिरांची जागाही जाईल की काय, ही धास्ती आहेच. बाबांचं घर सुखात राहो, एवढं मनात म्हणते आणि दालनाचा फोन वाजू देते.